अठ्ठ्याण्णव मीटर तांबे

प्रगत समाजात एखादी गोष्ट मुळीच न कळणे यात फारसा कमीपणा नसतो. ती बाहेरच्या माणसाकडून कळणे मात्र लाजिरवाणे असते. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका रंग बनवणाऱ्या कंपनीवर (नावाची गरज नाही, रंग पक्के होते) ही लाज एकोणीसशे पंच्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये ओढवली. कंपनीच्या टाकीतले आम्ल खाडीत गेले, ही बातमी कंपनीला रत्नाबाईकडून कळली.

रत्नाबाई खाडीकाठच्या मच्छीमार आळीतली. तिचा नवरा दादू खाडीत जाळी लावी आणि आलेली मासळी ती बोईसरच्या वसाहतींमध्ये दारोदार विकी. त्या सकाळी ती मेलेल्या बोय माशांची पाटी घेऊन थेट कंपनीत आली आणि पाटी तिने स्वागतकक्षातल्या टेबलावर उलटी केली.

"ह्ये घ्या," ती म्हणाली. "तुमचेच हायत. आमी वजन नाय केलं."

खरेदी अधिकारी खंडेराव त्या वेळी तेथून जात होते. खंडेराव मूळचे कराडकडचे. बारा वर्षांपूर्वी नोकरीसाठी बोईसरला आले तेव्हा त्यांना मासळीचा वासही सोसत नसे. आता रविवारी रत्नाबाईची बोय पानात नसली तर ते घरात कोणाशी बोलत नसत. टेबलावरच्या पाटीभर बोया पाहून त्यांना मनापासून वाईट वाटले. रविवार परवावर आला होता.

"रत्नाबाई, हे सगळं फुकट गेलं म्हणायचं," ते हळहळले.

"फुकट कशाला? तुमी न्या. सायबाला तळून घाला."

चौकशी त्याच दिवशी झाली. तीत असे आढळले की टाकी कारखान्याच्या खाडीकडच्या टोकाला आहे आणि तिच्यातले पाणी एका झडपेतून खाडीत सुटते. टाकीवर आम्लमापक आहे. आम्लमापकाचे काम सोपे असते : सात हा आकडा म्हणजे साधे पाणी, आणि आकडा जितका खाली तितके आम्ल अधिक. त्या सकाळी आकडा तीन होता. टाकीवरच्या भिकाने तो कागदावर लिहिला, नियंत्रण कक्षात पोहोचवण्यासाठी सायकलवर टांग टाकली, आणि सायकल पंक्चर निघाली. भिका पंक्चर काढायला सालवडच्या नाक्यावर गेला. (नियंत्रण कक्ष चालत जाण्याइतकाच दूर होता, पण कागद सायकलने न्यावा असा आदेश होता, आणि भिका आदेश पाळणारा माणूस होता.)

अपघाताचे कारण सायकल आहे हे निश्चित झाल्यावर सरव्यवस्थापकांनी दोन निर्णय घेतले. पहिला, झडपेला मोटर बसवायची, म्हणजे आकडा पाचाच्या खाली गेला की झडप आपोआप बंद होईल. दुसरा, टाकीपासून नियंत्रण कक्षापर्यंत अत्याधुनिक, अतिवेगवान संगणक-जाळे उभारायचे, म्हणजे आकडा क्षणात येईल. आम्ल मुळात टाकीत का येते, हा प्रश्न चौकशीच्या कक्षेत नव्हता. आम्लावाचून रंग होत नाही.

मोटर दोन दिवसांत बसली आणि नियंत्रण कक्षातून तिच्यापर्यंत साधी विजेची तार गेली. तिच्याविषयी कोणाचे मतच नव्हते. जाळ्यासाठी समिती नेमावी लागली आणि तिचे अध्यक्षपद खंडेरावांकडे आले. सचिव म्हणून उषा होती. उषा त्या वर्षीच कंपनीत आलेली संगणक अभियंता. हुशार, नेमके बोलणारी आणि आपण नेमके बोलतो हे ठाऊक असलेली.

मुंबईहून विक्रेता आला. त्याने केसासारखा बारीक काचेचा तंतू दाखवला आणि सांगितले की माहिती यातून प्रकाशाच्या रूपाने जाते. त्याने एका टोकाला बॅटरी धरली, दुसऱ्या टोकाला सरव्यवस्थापकांनी डोळा लावला.

"दिसतंय काहीतरी," सरव्यवस्थापक म्हणाले.

समितीला मात्र इतक्यावर समाधान मानता येत नव्हते. खंडेरावांनी नमुन्याची रीतसर चाचणी घेतली. भांडारात प्रत्येक मालावर होते तीच, म्हणजे हातोडीची. काचतंतूवर हातोडी मारली असता तो तुटला. तांब्याच्या तारेवर मारली असता ती चपटी झाली, पण तार राहिली. हा फरक इतका स्पष्ट होता की विक्रेत्याने चहा अर्धा ठेवला.

तरी खंडेरावांचा खरा आक्षेप वेगळाच होता. त्यांच्या खरेदीच्या पद्धतीत कोणतीही वस्तू घेताना ती पुढे मोडीत काय जाईल हे आधी पाहिले जाई. बारशाच्या दिवशीच तेराव्याचा आचारी ठरवून ठेवावा, अशी ही दूरदृष्टी होती आणि तिच्यामुळे कंपनीचे कधीही नुकसान झाले नव्हते.

"उद्या हे जाळं बंद पडलं तर?" त्यांनी विचारले.

"बंद पडणार नाही, साहेब," विक्रेता म्हणाला.

"पडलं तर! तांबं किलोनं जातं. तुमची काच कोण घेणार? कासार?"

उषा प्रामाणिक होती. तिने समितीला सांगितले की तांब्याविषयी आता कमीपणा मानण्याचे काही कारण उरलेले नाही. परवापरवापर्यंत एवढ्या वेगाला काच लागे हे खरे. पण आता जोड्याजोड्यांनी पीळ दिलेल्या तांब्याच्या बारीक तारांमधूनही सेकंदाला दहा कोटी बिट जातात. पीळ नीट असेल तर एका तारेची कुरबूर दुसरीला ऐकू जात नाही. खर्च कमी, जोडणी सोपी. हे ऐकताना खंडेरावांचा ऊर भरून आला. ज्या धातूची पळी-पंचपात्री होते, ज्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेले पाणी वैद्यही प्यायला सांगतात, तो धातू मागे पडेलच कसा, असे त्यांना वाटत होतेच. विज्ञानाला ते आता कळले होते इतकेच.

"फक्त," उषा म्हणाली, "हे शंभर मीटरपर्यंत."

"आणि आपली टाकी?"

"दोनशे चाळीस मीटरवर आहे, सर."

समितीच्या पुढच्या सात बैठका या एकशे चाळीस मीटरांवर झाल्या. उषाने सुचवले की तारेचे तीन तुकडे करावेत आणि मध्ये दोन ठिकाणी संदेश पुढे ढकलणारे डबे बसवावेत. डब्यांना वीज हवी, विजेला छप्पर हवे, छपराला खोली हवी. बांधकाम विभागाने कळवले की माणूस नसलेली खोली त्यांच्या नियमांत बसत नाही. माणूस असलेल्या खोलीला संडास हवा. संडासाचे पाणी टाकीत सोडावे लागेल, आणि टाकी आधीच भरलेली असते. प्रस्ताव तेथेच थांबला. नियंत्रण कक्ष टाकीजवळ न्यावा ही सूचना नियंत्रण कक्षातल्या लोकांनी फेटाळली. (तेथे वास येतो.) टाकी नियंत्रण कक्षाजवळ आणावी ही सूचना सरव्यवस्थापकांची होती, म्हणून ती फेटाळली गेली नाही, तिच्यावर अभ्यास सुरू ठेवण्यात आला.

आठव्या बैठकीत खंडेरावांनी गाठ सोडवली. त्यांनी समितीसमोर तीन वस्तू मांडल्या : टाकी, तार आणि आम्लमापक. टाकी हलत नाही. तार वाढत नाही. आम्लमापक चार स्क्रूंवर बसवलेला आहे.

त्याच दुपारी ते स्वतः टेप घेऊन नियंत्रण कक्षापासून मोजत निघाले. अठ्ठ्याण्णव मीटरवर कँटीनच्या मागचा हौद लागला. त्यात भांडी घासत असत.

"सर, हे खरकट्याचं पाणी आहे," उषा म्हणाली.

"पाणी कंपनीचंच आहे ना?"

"हो, पण..."

"आणि शंभर मीटरच्या आत आहे ना?"

"आहे."

"मग जाळं चालेल की नाही, एवढंच तांत्रिक मत द्या. बाकीचं समिती बघेल."

उषाने तांत्रिक मत दिले. जाळे चालणार होते. खोटे तिने काहीच लिहिले नाही. आणि खरे सांगायचे तर तार ओढून झाल्यावर, त्या अठ्ठ्याण्णव मीटरांत एकही बिट गळाला नाही हे पडद्यावर पाहताना, हौदाचा विषय तिच्याही मनातून गेला. मालगाडी जाईल एवढा मार्ग तयार झाला होता आणि त्यावरून दर दहा मिनिटांनी एक आकडा धावत होता. काम अतिशय स्वच्छ होते.

निकाल थक्क करणारे आले. सायकलच्या काळात आकडा तीन आणि सहा यांच्यामध्ये असे. तांब्याच्या पहिल्याच आठवड्यात तो सातवर आला आणि तेथेच राहिला. सरासरी सहा पूर्णांक नऊ. (शनिवारी सात पूर्णांक दोन, त्या दिवशी भांडी सोड्याने निघत.) अनेक ठिकाणचे पाहुणे हे बघायला आले आणि त्यांना नारळपाणी देण्यात आले. तांब्यामुळे पाणी शुद्ध होते हे सगळ्यांना ठाऊक होते. तांब्याच्या तारेमुळे दूरवरूनही होते, हे प्रथमच सिद्ध झाले.

भिकाची सायकल भंगारात गेली. भिकाला बागेकडे देण्यात आले.

सप्टेंबरात रत्नाबाई दुसरी पाटी घेऊन आली. या वेळी तिला स्वागतकक्षात थांबवले नाही. खंडेरावांनी तिला सन्मानाने नियंत्रण कक्षात नेले, खुर्ची दिली आणि पडदा दाखवला. हिरव्या अक्षरांत सात लिहिले होते.

"हे काय हाय?"

"हे आपलं पाणी. सात. म्हणजे चांगलं."

रत्नाबाईने पडद्याकडे पाहिले, मग पाटीकडे.

"मंग हे मेले कशान? तुमचा सात बगून हसून हसून मेले?"

"मेले असतील, रत्नाबाई. पण आमच्या पाण्यानं नाही. हे बघा ना, दर दहा मिनिटांनी येतं."

"आमचे खाडीत दिवसातून दोनदा येतं, सायब. भरती. ती काय खोटी येते?"

यावर खंडेरावांनी सहानुभूती दाखवली, कारण तक्रार चुकीची असली तरी पाटी रिकामी नव्हती. त्यांच्याच शिफारशीवरून कंपनीने (कोणतीही जबाबदारी न स्वीकारता) दादूच्या घरातल्या एका माणसाला काम देऊ केले. खाडीत काही उरले नव्हते, म्हणून रत्नाबाईने ते घेतले. ती कँटीनच्या हौदावर भांडी घासू लागली. खंडेरावांच्या घरी रविवारी वांग्याचे भरीत होऊ लागले आणि त्यांची पत्नी सुगंधाबाई म्हणाल्या की घर कसे शांत झाले आहे.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा होते. लेथला हार, बॉयलरला कुंकू, फोर्कलिफ्टपुढे नारळ. यंदा प्रथमच जाळ्याची पूजा करायचे ठरले, आणि तांब्याची पूजा तांब्याच्याच भांड्यांनी व्हावी हा आग्रह खंडेरावांचा. घरून त्यांनी ताम्हन, पळी, पंचपात्री आणि आजेसासऱ्यांचा मोठा तांब्या आणला. भांडी काळी पडली होती. ती त्यांनी रत्नाबाईकडे दिली.

"चकचकीत पाहिजेत हं. पाहुणे येणार आहेत."

तांबे चकचकीत करायला काय लागते हे जगजाहीर आहे. रत्नाबाईने कँटीनमधून चिंचेचा गोळा घेतला, भांडी हौदात बुडवली आणि घासायला बसली.

अकरा वाजता पडद्यावरचा आकडा सातावरून चारवर आला. भोंगा वाजला. सरव्यवस्थापकांच्या हातात नारळ होता. तो त्यांनी तसाच धरून ठेवला. टाकीकडच्या टोकाला मोटर घरघरली आणि झडप बंद झाली. जाळ्याने आकडा नेल्यापासून झडप बसेपर्यंत चार सेकंद लागले. कोठल्याही सायकलला हे शक्य नव्हते. सगळे कर्मचारी बाहेर धावले, दोन पाहुणे बागेत भिकाच्या आश्रयाला गेले, आणि तेवढ्यात चकचकीत भांडी घेऊन आलेल्या रत्नाबाईने विचारले, "काय झाला, सायब? कोण मेला?"

खाडीत आम्ल जाण्याचा धोका केवळ तांब्याच्या तारेमुळे टळला, असे सरव्यवस्थापकांनी भाषणात सांगितले. ते खरेच होते. त्या दिवशी खाडीत एक थेंबही गेला नाही.

संध्याकाळी दादूने घरी हे सांगितले. ओहोटीचे पाणी लालसर नव्हते, फेस नव्हता. रत्नाबाईने ऐकून घेतले. दसऱ्याची सुट्टी झाल्यावर पूजा नव्हती, तरी तिने चिंच मागून घेतली.

"आज कसली भांडी?" कँटीनच्या मुकादमाने विचारले.

"तुमचे डाळीची पातेली तळाला काळी झालीत. जेवणाऱ्याला किळस येतं."

अकरा वाजता भोंगा वाजला. झडप बसली. पुढच्या दिवशीही. पातेली झाली, मग डेगे, मग परातींच्या मागच्या बाजू. कँटीनची भांडी इतकी उजळ कधीच दिसली नव्हती. आठवडाभराने उधाणाची भरती आली आणि तिच्याबरोबर बाहेरच्या बोया आत शिरल्या, आणि आत टिकल्या. रविवारी रत्नाबाई पाटी डोक्यावर घेऊन खंडेरावांच्या दारात उभी राहिली.

"तुमचेसाठी पयला घर, सायब."

खंडेराव जेवले. दुसऱ्यांदा भात घेतला. काटा काढताना त्यांनी सहज विचारले की बोया आल्या कशा, आणि सुगंधाबाईंनी तितक्याच सहज सांगितले की रत्नाबाई म्हणत होती, सध्या चिंच रोज लागते आणि झडप बंद असते. खंडेरावांनी काटा ताटाच्या कडेला ठेवला. मग त्यांनी शेपटीचा तुकडाही संपवला. ते शास्त्र शिकलेले नव्हते, पण टाकी, चिंच आणि ताटातली बोय या तीन गोष्टी त्यांना एका ओळीत मांडता आल्या. टाकी, तार आणि आम्लमापक मांडता आले होते तसेच.

सोमवारी चौकशी समिती बसली. झडप बंद म्हणजे टाकी भरते, टाकी भरली म्हणजे यंत्रे थांबतात; दसऱ्यानंतर कारखाना अर्धाच वेळ चालला होता. समितीचे अध्यक्ष खंडेराव होते. त्यांच्यासमोर रत्नाबाई उभी होती.

"रोज चिंच कशाला लागते?" सरव्यवस्थापकांनी विचारले.

रत्नाबाई खंडेरावांकडे वळली.

"खंडेरावसायब, तुमी सांगा. काल भात दोनदा घेतलात ना? बाई सांगत व्हत्या."

खंडेरावांनी घसा साफ केला. त्यांना बोय अतिशय आवडे, हे पुन्हा सांगितले पाहिजे. त्यांनी कारखान्याकडे पाहिले, मग ताटाकडे पाहिल्यासारखे टेबलाकडे पाहिले, आणि निर्णय सांगितला. तो असा : आकड्यातील बिघाडास चिंच कारणीभूत असून कँटीनमध्ये ती आणण्यास बंदी करण्यात येत आहे. यापुढे आकडा खाली गेल्यास ते आम्ल चिंचेचे आहे की कारखान्याचे, याची आधी खात्री करावी. चिंचेचे असल्यास झडप बंद करू नये. कारखान्याचे असल्यास ते सरासरीत धरावे.

रत्नाबाईला कमी करण्यात आले.

याविरुद्ध कारखान्यात आंदोलन झाले हे कामगारांच्या एकजुटीविषयी बरेच काही सांगून जाते. दोन दिवस घोषणा दिल्या गेल्या, तिसऱ्या दिवशी जेवणावर बहिष्कार पडला. चिंचेशिवाय आमटी कोणालाच गिळवत नव्हती. अखेर तडजोड निघाली : चिंच परत आली आणि आम्लमापक हौदावरून हलवून सरव्यवस्थापकांच्या खोलीतल्या पिण्याच्या पाण्याच्या तांब्याच्या हंड्यात सोडण्यात आला. तार आता बारा मीटर आहे. आकडा सात आहे. रविवारी खंडेराव बर्फातले पापलेट आणतात. त्याला चव नसते, पण ते तसे कोणाला म्हणत नाहीत. मध्यंतरी बाजारात त्यांना रत्नाबाई भेटली. ती गुजरातकडून आलेली सुकी मासळी विकत होती.

"रत्नाबाई, बोय नाही का कुठं?"

"हंड्यात बगा, सायब," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

उषा या सर्व प्रकाराने अस्वस्थ आहे. ती गप्प बसलेली नाही. तिने रजेच्या दिवसांत बसून नवा प्रस्ताव तयार केला आहे आणि त्यात काचतंतूचा पुरस्कार केला आहे. काचतंतूला शंभर मीटरची अट नाही, विजेच्या कडकडाटाची भीती नाही, खाऱ्या हवेने तो हिरवा पडत नाही. तो सरळ दोनशे चाळीस मीटर जाईल, आम्लमापक पुन्हा टाकीवर बसेल आणि खरा आकडा क्षणात पोहोचेल. प्रस्ताव निर्दोष आहे. सुज्ञ वाचकांना हाच उपाय पहिल्या बैठकीपासून दिसत होता, ते मनातून उषाच्या बाजूने होते, हातोडीच्या चाचणीला तर ते हसलेही असतील. त्यांचे अभिनंदन करायला हवे. समितीत दोन जागा रिकाम्या आहेत.

झडपेची मोटर मात्र आता जागेवर नाही. आमटीची तडजोड झाली त्याच आठवड्यात खंडेरावांनी ती भंगारात काढली. आतले वेटोळे अस्सल तांब्याचे होते, आणि भाव चांगला आला. ती कुठे गेली असे उषाने विचारले नाही. आपणही विचारले नाही.